चंद्री थांबेल त्या दारात

१

लाइट आली तेव्हा गोठ्यात म्हैस नव्हती.

आता म्हैस म्हणजे काही कानातली कुडी नव्हे, की गवतात पडली आणि सापडेना. त्यातून ही चंद्री! कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा टिळा, आणि शिंगं एवढी लांब की एका टोकावरच्या कावळ्याला दुसऱ्या टोकावरचा कावळा परगावचा वाटावा. तिच्या दुधात उभा केलेला चमचा सावधान स्थितीत राहतो, असं गव्याच्या तालमीतले पैलवान छातीवर हात ठेवून सांगत. असलं हे धूड भर पेठेतून, संध्याकाळच्या लोडशेडिंगमध्ये, कुणाच्या डोळ्याला न दिसता नाहीसं झालं होतं.

त्या वेळी बायडाबाई कांबळे खाटेखाली होत्या.

बायडाबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त सिस्टर. ज्यांच्या आवाजानं डॉक्टर चपला बाहेर काढत, त्याच. मूल घाबरलं की उभं राहून 'घाबरू नको' म्हणायचं नसतं, त्याच्या शेजारी जाऊन आडवं व्हायचं असतं, असं त्यांचं मत. आणि खाटेखाली त्या वेळी शाइस्ता शिरली होती. आठ वर्षांची, हाताची मूठ तोंडात घातलेली.

ही शाइस्ता आणि तिच्याबरोबरची पोरं काश्मीरच्या सीमेवरच्या एका खेड्यातली. कुणाचा बाप गोळीबारात गेलेला, कुणाचं अख्खं घर. सुभेदार हंबीरराव यांची नोकरीतली शेवटची वर्षं त्या भागात गेली. पेन्शन घेऊन ते कोल्हापुरात आले, पण त्यांना झोप लागेना. महिनाभरानं ते परत वर गेले आणि त्याच खेड्यात या पोरांसाठी घर काढलं. पेठेत त्याला 'वरचं घर' म्हणत. बर्फानं वाट बंद व्हायच्या आत सुभेदार पोरांना खाली आणत आणि तालमीच्या मागच्या खोल्यांत हिवाळाभर ठेवत; तिथं त्यांना सांभाळायला बायडाबाई असत.

आणि हे वरचं घर चालायचं ते सुभेदारांच्या या चंद्रीच्या पायांवर.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते. भादरून, तेल चोपडून, शिंगं रंगवून, पाठीवरच्या केसांत मालकाचं नाव कोरून म्हशी रस्त्यावर येतात आणि सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलीमागं धावतात. चंद्री मात्र गाड्या पुढं निघून गेल्यावर, सगळ्यात शेवटी, सुभेदारांच्या मागं सावकाश चालायची. ती आपणहून ज्या दारात थांबेल, त्या दारानं एका पोराचं वर्ष उचलायचं. अन्न, कपडा, औषध, शाळा, सगळं. म्हशीशी वाद घालणार कोण? आणि गंमत अशी, की चंद्री थांबायची ती नेमकी बड्या दारातच. म्हशीला माणसाची ऐपत कळते, अशी पेठेची खात्री होती.

यंदा पोरंही तिच्याबरोबर चालणार होती. वर्षभर अवाक्षर न काढलेली शाइस्ता दसऱ्यानंतर एके सकाळी चंद्रीच्या पोटाला टेकून म्हणाली होती, "हिकडं सरक की गं." पैलवानांची भाषा ऐकून ऐकून आलेलं पहिलं वाक्य! दुसरं वाक्य सुभेदारांना होतं, "मी बी येनार मिरवणुकीला." सुभेदारांनी शब्द दिला होता.

आणि पाडवा दोन दिवसांवर असताना, अंधारात, एक मोटारसायकल फाडफाड करत गल्लीतून गेली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवून अंगणात फेकली. सगळी पोरं खाटांखाली गेली. पोरांबरोबर आलेला त्यांच्याच गावचा बशीर मधल्या खोलीत मांडी घालून बसला, टाळ्या वाजवत गाऊ लागला आणि एकेक पोर गाण्यामागं सरपटत बाहेर आलं. लाइट येईपर्यंत तो गातच होता.

बायडाबाई शाइस्ताला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दाराशी रोजच्यासारखी ओल्या फडक्यानं झाकलेली बादली होती. वरचा फेस अजून बसायचा होता. हळद घालून त्यांनी दूध तापवलं, पोरांना पेले दिले आणि तेवढ्यात मागून सुभेदारांची आरोळी आली.

"सिस्टर! दूध काढाय आलो तर दावं मोकळं! चंद्री न्हेली हो कुनीतरी!"

पेठ गोळा झाली. गाडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता, त्यामुळं गाडीमागंच म्हैस नेली यावर एकमत झालं. पाडव्याच्या आधीच सायलेन्सर काढलेल्या गाड्या पेठेत दोनच. एक जोतीराम गवळ्याची, दुसरी गणपतराव अडत्याच्या अमरसिंहाची. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "घरातलाच मानूस फुटला नसंल कशावरनं? त्यो बशीर…"

"त्याचं नाव घेशील तर दात मोजत बसशील," सुभेदार कडाडले. मग मात्र ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "जाऊ द्या. म्हैसच न्हाई तर मिरवनूक कसली? यंदा न्हाई निघायची."

शाइस्ता रिकाम्या गोठ्याच्या तोंडाशी उभी होती. बायडाबाईंनी तिला विचारलं, "काय झालं बाळा?"

तिनं मूठ पुन्हा तोंडात घातली. दसऱ्यानंतर आलेली वाचा गेली होती.

बायडाबाईंनी पदर खोचला. "परवा पाडवा हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "परवापातुर म्हैस दावनीला पाहिजे. कुनी न्हेली ते मी बघती."

२

गणपतरावांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. माणूस मात्र चवीला कडू. दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा ते झोपाळ्यावर होते. समोर भिंतीवर लष्करी गणवेशातला फोटो होता. त्यांचा थोरला, रणजित. पाच वर्षांपूर्वी वरच, सीमेवर गेला.

"म्हैस गेली म्हनं," गणपतराव म्हणाले. "बरं झालं."

"तुमच्या दारात तीन वर्सं थांबली ती."

"थांबली. तीन वर्सं तीन पोरं उचलली मी. लोकांसमोर न्हाई कसं म्हनायचं?" झोपाळा थांबला. "सिस्टर, माझा पोरगा ज्या मातीत गेला, त्या मातीतल्या पोरांना मी दूध पाजायचं. का? म्हशीनं सांगितलं म्हनून!"

दाराच्या चौकटीशी त्यांची बायको धोंडुबाई उभी होती. तिनं चहाचा कप ठेवला आणि काही न बोलता परत चौकटीशी जाऊन उभी राहिली.

"पोरांनी मारलं काय रणजितला?" बायडाबाईंनी विचारलं.

"कुनी मारलं ते मला कुठं ठावं हाय? ठावं असतं तर त्याच्यावर राग काढला असता की."

बायडाबाईंनी चहाचा कप उचलला. तेवढ्यात जिन्यावरून धाकटा अमरसिंह उतरला. विशी-बाविशीचा, छाती पुढं, उजवा हात मात्र खिशात. जिना उतरताना खिशात हात घालणारा माणूस बायडाबाईंना कधीच बरा वाटला नव्हता.

"हात दाखीव."

"कशाला?"

"दवाखान्यात तुज्यापरीस मोठ्या पैलवानांचे लंगोट सोडलेत मी. हात दाखीव म्हनते न्हवं!"

अंगठा आणि बोट भाजून फोड आला होता. बायडाबाईंनी पिशवीतून मलम काढलं, त्याला समोर बसवलं आणि लावता लावता शांतपणे विचारलं, "वात आखूड हुती का हात थरथरला?"

अमरसिंहानं हाताकडं बघितलं. मलम थंड होतं आणि बाई ओरडत नव्हती, या दोन गोष्टींनी भल्याभल्यांची जबानी होते.

"माळ मी टाकली," तो म्हणाला. "म्हैस न्हाई न्हेली. न्हेली असती तर चौकात बांधली असती, चोरून कशाला ठेवू? भ्यालोय व्हय कुनाला?"

"माळ कशाला टाकली?"

"ती पोरं यंदा मिरवणुकीत चालनार. माझा भाऊ ज्या रस्त्यानं शेवटचा गेला, त्या रस्त्यानं! म्या सुभेदारांना आठ दिवस आधीच तोंडावर सांगितलंतं, पोरं बाहेर काढाल तर पायाखाली माळ फुटंल. उद्या बी फुटनार. सांगून करतोय मी."

बायडाबाईंचा मलमाचा हात थांबला. आठ दिवस! आणि सुभेदारांनी यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं.

३

जोतीरामाचा गोठा तालमीच्या मागच्याच अंगाला, मधे एक बोळ. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिथं जी धांदल चालते ती कुठल्या लग्नघरात बघायला मिळायची नाही. वस्तरे चालले होते, तेलाचे डबे उपडे होत होते, शिंगांना गुलाबी रंग चढत होता. जोतीराम स्वतः एका म्हशीच्या पाठीवर कात्रीनं नाव कोरत होता. जीभ दातांत धरून. सही करतानाही त्यानं एवढी काळजी घेतली नसती.

"आक्का, चोर म्हनाय आलासा न्हवं? म्हना," तो वर न बघता म्हणाला. "सकाळपास्नं सगळी पेठ म्हनून गेलीया."

"गाडी तुजी हुती का काल?"

"माजी गाडी परवापास्नं मेकॅनिककडं खोलून पडलीया, जाऊन बघा. आनि आसती तरी काय? चंद्री गाडीमागं येती व्हय?"

"का न्हाई? सगळ्या म्हशी येतात."

"माज्या येतात. चंद्री चार हिवाळं त्या पोरांत वाढली, आक्का. पोरं धडाम झालं की जागच्या जागी गोठतात, तसं तिला लागलंय. आवाज झाला की खुंट! चार पाय रवून हुबी. फटाका वाजला तर दहा मानसांनी वडली तरी हलायची न्हाई. तिला हाळी न देता, पुडं चालूनच न्यावी लागती. ती बी वळखीच्या मानसानं."

म्हणजे पेठेचं एकमत फुकट गेलं. गाडीच्या आवाजानं म्हैस गेलेली नव्हतीच, उलट त्या आवाजात ती पाऊलही टाकणार नव्हती. माळ विझल्यावर, अंधारात, ओळखीच्या कुणीतरी तिला गुपचूप चालवत नेलं होतं. आणि पाडव्याच्या आठवड्यात बोळातून एक म्हैस गेली तर मान वर करून बघतंय कोण?

"तुज्या वळखीची हाय का ती?"

"माजा हात कासंला लागला तरी लाथ मारती," जोतीराम म्हणाला, आणि या वेळी तर अजिबातच वर बघितलं नाही.

बायडाबाई दावणीच्या कडेनं चालू लागल्या. एकेक म्हैस भादरलेली, आरशासारखी चकचकीत, आणि प्रत्येकीच्या पाठीवर ठसठशीत अक्षरांत कोरलेलं 'जोतीराम'. त्या वाचत वाचत टोकापर्यंत गेल्या.

शेवटच्या म्हशीच्या पाठीवर नाव नव्हतं.

भादरणं झालं होतं, तेल झालं होतं, शिंगंही रंगवली होती. म्हणजे काम अर्धं राहिलेलं नव्हतं. नाव तेवढं नव्हतं. बायडाबाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला. हात काळा झाला. काजळ आणि तेल. खाली पांढरं चमकलं.

म्हशीनं त्यांचा पदर हुंगला आणि जिभेनं ओढला. शाइस्ताचा फ्रॉक ओढायची तसा.

जोतीरामाची कात्री मागं थांबली होती. बायडाबाईंनी काळा हात पदराआड घेतला, "नाव झ्याक कोरतोस हां, जोतीराम," म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

४

म्हैस सापडली होती, पण चोर सापडला नव्हता. बोंब मारून माणसं गोळा करणं सोपं होतं. पण जोतीरामानं चोरली असती तर त्याला तिच्या पाठीवर आपलं नाव कोरायला काय अडचण होती? त्या एका नावानं ती कायमची लपली असती. पंचक्रोशीत पेढ्याच्या पैजा लावणारा, भांडखोर, पण गवळी! दुसऱ्याच्या जनावरावर स्वतःचं नाव घालायला त्याचा हात धजला नव्हता. म्हणजे ती म्हैस आपली नव्हे, ठेवायला दिलेली आहे, असं तो स्वतःच्या हातानंच सांगत होता.

मग ठेवायला दिली कोणी?

विचार करत त्या तालमीत परतल्या तर बशीर ट्रंका बांधत होता.

"ह्ये काय रं?"

"जातू आमी, सिस्टर," बशीर म्हणाला. त्याचं मराठी तालमीतल्या कुस्तीच्या हौद्यात घडलेलं होतं. "बाहिर लोक बोलत्यात. बशीरनं म्हैस न्हेली म्हनत्यात. उद्या पोलीस येनार, मला न्हेनार. पोरांनी ते बघायचं? लई बघितलंय त्यांनी असलं. त्यापरीस आपलं पाय हायेत तवर जावं."

"आनि वरचं घर?"

"मिरवनूक न्हाई, दार न्हाई. दार न्हाई तर घर कुठनं? पोरं वाटून टाकायची. कुनी मामाकडं, कुनी चुलत्याकडं. शाइस्ताला कुनीच न्हाई." त्यानं दोरीची गाठ एवढी आवळली की दोरी तुटली. "त्याच्या मायला!"

संध्याकाळ झाली. पोरं सवयीनं पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी रांगेत बसली. बशीर त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "आज दूध न्हाई. सकाळचं दूधकट्ट्यावर इकायला जातं, सांजंचं तुमचं. पन सांजंला म्हैस कुठं हाय? आज चा प्यायचा."

पोरांनी पेले पुढं केले. बायडाबाईंनी किटली उचलली, आणि उचललेली तशीच राहिली.

आज म्हैस नाही म्हणून दूध नाही. मग काल?

काल त्यांनी स्वतःच्या हातानं दूध तापवलं होतं. वरचा फेससुद्धा बसला नव्हता. आणि ते पेले पोरांच्या हातात असतानाच आरोळी आली होती: दूध काढायला आलो तर दावं मोकळं.

किटली खाली ठेवत त्या म्हणाल्या, "बशीर, ट्रंका सोड. आनि चंद्री किती जनांना दूध देती, सांग मला."

"दोगास्नीच की. मला, आनि…"

बशीर थांबला. काल दूध निघालं तेव्हा तो सगळ्यांच्या देखत गात होता.

५

बायडाबाईंनी जोतीरामाला, गणपतरावांना आणि अमरसिंहाला तालमीत बोलावलं. बशीर होताच. सुभेदार हौद्याच्या कडेला ताठ बसले होते, परेडवर बसावं तसे.

"चोरानं आधी म्हशीची धार काढली," बायडाबाईंनी सुरुवात केली. "बादली झाकून पोरांसाठी दाराशी ठिवली, आनि मग म्हैस न्हेली. असला चोर मी जन्मात बघितला न्हाई. अंधार, धावपळ, मागं कोन येईल याचा नेम न्हाई, आनि ह्याला काळजी, की पोरं उपाशी झोपतील! अमरसिंह, तू काढली असतीस धार?"

"मला गाय कुठली आनि म्हैस कुठली कळत न्हाई," अमरसिंह म्हणाला.

"जोतीरामाला ती कासंला हात लावू देत न्हाई. बशीर गात हुता. ऱ्हायलं कोन?"

सगळ्यांच्या नजरा हौद्याच्या कडेकडं वळल्या.

"म्हैस माज्या गोठ्यात हाय," जोतीराम एकदम म्हणाला. "मला चोर म्हना, काय बी म्हना. एका गवळ्याकडं कुनी जनावर ठेवाय दिलं तर का म्हनून इचारायचं नसतं, आनि कुनी दिलं ते सांगायचं नसतं. मी न्हाई सांगनार."

"नको सांगू. तुजा शब्द ऱ्हायला." बायडाबाई सुभेदारांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सुभेदार, ओलं फडकं घालायची सवय नडली तुमाला."

सुभेदारांची मान पहिल्यांदा खाली गेली.

"आठ दिवस झोप न्हाई मला," ते म्हणाले. "पोरगी म्हनली, मी बी येनार. मी हो म्हनलो. मग ह्यो अमर म्हनला, पायाखाली माळ फोडीन. काल माळ पडली तवा मी धार काढत हुतो. आतनं पोरांचं किंचाळनं आलं… आधीच जोतीरामाला बोलून ठिवलंतं. मिरवनूक मी रद्द केली असती तर हंबीरराव भ्याला म्हनले असते. म्हैसच चोरीला गेली तर कुनी भ्यालं न्हाई, कुनी हरलं न्हाई."

"आनि बशीर चोर ठरला."

"ते माज्या ध्यानात आलं न्हाई."

"भ्यालासा तर भ्यालो म्हनायचं की! माज्यासारखं खाटंखाली यायचं हुतं. जागा हुती." बायडाबाईंचा आवाज आता दवाखान्यातला झाला. "तुमी म्हैस लपवली आनि त्या पोरीची वाचा गेली. आता ऐका. उद्या मिरवनूक निघनार. पोरं चालनार. बशीर सगळ्यांच्या पुडं चालनार."

"मग माळ बी फुटनार," अमरसिंह म्हणाला.

"फोड. फोड बाबा! पन एवढं समजून फोड. आवाज झाला की चंद्री जागच्या जागी गोठती. दरवर्सी ती बड्या दारात का थांबायची? ऐपत वळखून न्हवं. सगळ्यात मोठ्या माळा बडी मानसं लावतात म्हनून! तिला पाऊल टाकता येत नव्हतं. गणपतराव, तीन वर्सं तुमच्या दारात ती तुमच्याच फटाक्यानं थांबली."

गणपतरावांचं तोंड उघडं राहिलं. आपण बापजन्मी एवढे महागाचे फटाके उडवले नसतील, असा हिशेब त्यांच्या कपाळावर उमटलेला दिसला.

"मंजे," सुभेदार सावकाश म्हणाले, "आवाज झाला तर पोरं गोठनार. आनि आवाज न्हाई झाला तर चंद्री कुठल्याच दारात थांबनार न्हाई. दोनी बाजूंनी घर बुडलं की, सिस्टर."

बायडाबाईंनी पदर पुन्हा खोचला. "बुडलं तर चालत बुडवू," त्या म्हणाल्या. "लपून न्हाई."

जोतीराम उठला. "गाडी माजी खोललेलीच हाय. सांगाडा ढकलत न्हेतो. उद्या पेठेत कुनाची गाडी वाजती ते बघतोच मी."

६

पाडव्याला दुपार कलली आणि गव्याच्या तालमीपासून मिरवणूक निघाली.

कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक, आणि आवाज नाही! जोतीराम घरोघर फिरला होता. काही जणांना त्यानं हात जोडले, काही जणांना बाह्या सरसावून दाखवल्या. शंभर गाड्या इंजिन बंद करून ढकलत चालल्या होत्या आणि ढकलणारे पैलवान घामानं न्हाले होते. त्या दिवशी रंकाळ्यातल्या माशानं कूस बदललेली पेठेत ऐकू आली, असं अजून सांगतात. तेवढं सोडून देऊ, पण म्हशींचे खूर आणि बशीरचं गाणं एवढंच ऐकू येत होतं, हे खरं.

पुढं बशीर. मग टिळा धुऊन लख्ख केलेली चंद्री. तिच्या पाठीवर जोतीरामानं रात्री बसून नाव कोरलं होतं. कुणा एकाचं नव्हे, 'वरचं घर'. तिच्या पोटाला खेटून शाइस्ता, दोन्ही बाजूंनी पोरं, मागं सुभेदार आणि बायडाबाई.

चंद्री चालत राहिली.

पहिलं दार गेलं. दुसरं गेलं. सोनाराचं गेलं, डॉक्टरांचं गेलं. कान हलवत, रवंथ करत, सुखानं चालली होती बया! तिला थांबायचं काही कारणच उरलं नव्हतं. अर्धी पेठ मागं पडली तरी एक दार नाही. सुभेदारांचा चेहरा पांढरा पडत चालला.

"सिस्टर," ते पुटपुटले, "पेठ संपली की घर संपलं."

"चाला," बायडाबाई म्हणाल्या.

कोपऱ्यावर गणपतरावांचं घर आलं. माडीच्या सज्जात अमरसिंह उभा होता, हातात काडेपेटी. सज्जावरून खाली लांबलचक लाल माळ लोंबत होती. सगळ्या पेठेनं ती बघितली. शाइस्तानंही बघितली. तिनं चंद्रीच्या पोटात तोंड खुपसलं, पण पाय थांबवले नाहीत.

अमरसिंहानं काडी ओढली. वातीला लावली. वात फुसफुसली आणि विझली. दुसरी लावली. तीही विझली. मग त्यानं माळ हातात घेतली, तर हातातून पाणी ठिबकलं.

"वाळायची न्हाई ती," खालून आवाज आला. "तू जेवाय बसलास तवा पान्याच्या हौदात बुडवून परत टांगलीया. कोठीतली पेटीबी."

धोंडुबाई घरातून बाहेर आली होती. पाच वर्षांत तिचा आवाज पेठेनं ऐकला नव्हता. ती सरळ रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि चंद्रीचं दावं बशीरच्या हातातून काढून घेतलं. चंद्री थांबली. मागं अख्खी मिरवणूक थांबली.

"अगं, म्हैस थांबली नव्हती," गणपतराव दारातून म्हणाले. "तू थांबीवलीस. ह्ये नेमात बसत न्हाई."

"नेम म्हशीचा हुता. आता माजा." ती नवऱ्याकडं वळली. "माजा रणजित तिकडं गेला तवा मला कुनी इचारलंतं? परत आला तवा कुनी इचारलं? आता मी बी कुनाला इचारत न्हाई. ह्ये पोर माज्या दारात थांबलंय. ज्याला वर जाऊन फटाके वाळवायचेत त्यानं वाळवावेत."

सज्जात अमरसिंह ओली माळ हातात धरून उभा राहिला. खाली आला नाही, आत गेला नाही.

आणि मग शेजारच्या दारातून एक म्हातारी ओरडली, "अगं धोंडे, दावं सोड की! आमच्या दारात बी थांबवू दे!" पलीकडून एक सून पेंडीची पाटी घेऊन धावली. मागं पडलेली दारंही रस्त्यात उतरली. सोनाराची बायको, डॉक्टरांची आई, भाड्याच्या खोल्यांतल्या चार जणी मिळून. "आमी चौगी एक पोर!" चंद्रीला पुढून, मागून, शिंगांना धरून बायका आपापल्या दाराकडं ओढू लागल्या, आणि त्या गप्प मिरवणुकीत असा कल्ला उठला की कुठली माळ तेवढी वाजली नसती.

बायडाबाईंनी झटकन पोरांकडं बघितलं. कोणी गोठलं नव्हतं. हा आवाज वेगळा होता, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

सुभेदारांनी डोळे पुसले. "भ्यालोतो मी," ते मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पण ऐकायला सवड कुणाला होती?

धोंडुबाई शाइस्तासमोर खाली बसली. जवळून बघितल्यावर तिचा धीर जरा सुटल्यासारखा झाला. हात पुढं केला, मागं घेतला.

"नाव काय गं तुजं?"

शाइस्तानं तोंडातून मूठ काढली. धोंडुबाईकडं बघितलं, मग घामेजलेल्या, ओढाताणीनं वैतागलेल्या चंद्रीकडं.

"शाइस्ता," ती म्हणाली. "नुसतं थांबवून काय करतीयास? म्हशीला पानी पाज की!"

धोंडुबाई उठली आणि बादली आणायला आत पळाली.